पंपाच्या मोटारीची दुरुस्ती : कारागिराने आधी काय सांगावे व शेतकऱ्याने काय विचारावे

उन्हाळी भुईमूग आऱ्या सोडण्याच्या अवस्थेत आला आहे. फुलोरा, आऱ्या सुटणे व शेंगा भरणे ह्या तीन अवस्थांत भुईमुगास पाण्याचा ताण सोसत नाही, हे अनुभवी शेतकरी जाणतोच. जमिनीच्या मगदुराप्रमाणे पाण्याच्या दोन पाळ्यांमधील अंतर ह्या दिवसांत सुमारे आठ ते दहा दिवसांचे असते. पाळी उद्यावर आली असताना रात्री पंपाची मोटार घरघरते, जळका वास सुटतो आणि पंप बंद पडतो. सकाळी मोटार सोडवून, गाडीत घालून शेतकरी तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानात जातो. कारागीर मोटारीकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "ठेवून जा. परवा या."

ह्या दोन वाक्यांच्या पलीकडे दोघांमध्ये काही बोलणे होत नाही. मोटार का जळाली, कोणती तार घालणार, खर्च किती येईल, परवा म्हणजे खरोखरच परवा काय, ह्यांपैकी एकही गोष्ट शेतकऱ्यास ठाऊक नसते. परवाचा दिवस जातो, तेरवाही जातो. मोटार पाचव्या दिवशी हाती पडते, बिल अंदाजापेक्षा मोठे निघते आणि पंधरा दिवसांनी तीच मोटार पुन्हा जळते. मग कारागीर वीजपुरवठ्यास दोष देतो व शेतकरी कारागिरास. दोष कोणाचाही असो, भुईमुगाच्या शेंगा भरावयाच्या राहिल्या त्या राहिल्याच.

ह्यांतील बरेचसे नुकसान टाळता येण्याजोगे असते. त्यासाठी नवे यंत्र अगर सरकारी अनुदान लागत नाही. काम हाती घेण्यापूर्वी कारागिराने चार गोष्टी मोकळेपणाने सांगाव्या आणि शेतकऱ्याने त्या विचारून घ्याव्या, एवढेच लागते. त्या गोष्टी कोणत्या, व त्या सांगण्यात दोघांचेही हित कसे आहे, ह्याचा विचार ह्या लेखात केला आहे.

झाकलेले काम

पूर्वी गावातील सुतार नांगर करी, तेव्हा शेतकरी त्याच्या समोर बसलेला असे. लाकूड बाभळीचे आहे की आणखी कशाचे, फाळ नीट बसला की नाही, हे तो डोळ्यांनी पाही. सुतारास बलुते वर्षाच्या शेवटी खळ्यावर मिळावयाचे असल्यामुळे वाईट काम करून त्यास निभावता येत नसे. कामाची पारख करण्याचे ज्ञान गिऱ्हाइकापाशी होते व कारागीर त्याच गावात राहत होता. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते, परंतु कामाची कसोटी उघड्यावर होत असे.

मोटेच्या जागी पंप आला तेव्हा ही स्थिती पालटली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. पुढे खेडोपाडी वीज पोहोचली आणि विजेची मोटार हा बागाइती शेतीचा प्राण बनला. ह्या मोटारीचे मर्म तिच्या पोटात असते. लोखंडी खाचांमध्ये वेष्टन असलेल्या तारेचे ठरावीक संख्येचे वेढे बसवून तिची गुंडाळी, म्हणजे वाइंडिंग, केलेली असते. ही गुंडाळी जळाली म्हणजे जुनी तार काढून नवी भरावी लागते. एकदा तार भरून, खाचांवर पाचरी ठोकून, वर रोगण चढविले की आत तार किती जाडीची आहे, वेढे किती आहेत व तार तांब्याची आहे की ॲल्युमिनिअमची, हे शेतकऱ्यास दिसावयाचे नाही.

काम झाकले गेले म्हणजे गिऱ्हाइकापाशी फक्त कारागिराचा शब्द उरतो. म्हणून ज्या धंद्यात काम झाकलेले असते, त्या धंद्यात शब्द उघडा असावा लागतो. डॉक्टर, घड्याळजी व मोटारदुरुस्त करणारा कारागीर ह्या तिघांसही हे सारखेच लागू आहे.

पहिली गोष्ट : मोटार का जळाली?

मोटार जळाली हा परिणाम आहे. तिचे कारण वेगळे असते, आणि ते कारण दूर केल्यावाचून नवी गुंडाळी भरणे म्हणजे गळक्या पाटात पाणी सोडण्यासारखेच आहे. जाणत्या कारागिरास जळालेली गुंडाळी पाहून कारणाचा बराचसा अंदाज करता येतो. त्या खुणा शेतकऱ्यांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही समजून घेण्यासारख्या आहेत.

कृषिपंपाच्या मोठ्या मोटारी तीन फेजवर चालतात. खांबावरील फ्यूज गेल्यामुळे, तार तुटल्यामुळे अगर स्टार्टरमधील संपर्क झिजल्यामुळे एक फेज बंद पडला, तरी चालू असलेली मोटार लगेच थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजांवर ओढत राहते आणि त्या तारांतून नेहमीच्या सुमारे पावणेदोनपट प्रवाह वाहू लागतो. अशा मोटारीची गुंडाळी उघडली असता तिच्यातील काही गट काळेठिक्कर झालेले व काही गट जवळजवळ नव्यासारखे दिसतात. जोडणी स्टार पद्धतीची असल्यास तीनपैकी दोन फेजांचे गट जळतात, डेल्टा पद्धतीची असल्यास एकाचे जळतात. ही खूण दिसली की दोष मोटारीत नसून पुरवठ्यात अगर स्टार्टरमध्ये आहे, असे समजावे.

सर्व गट सारखेच काळे पडले असतील, तर मोटारीवर दीर्घकाळ जादा भार पडला आहे. दाब फार कमी असताना पंप चालविला, पंपाचा पंखा अडकला अगर फिरणारा भाग जखडला, म्हणजे असे होते. दाब उतरला म्हणून पंपाचे ओझे त्या मानाने हलके होत नाही. तेवढेच ओझे ओढण्यासाठी मोटार जास्त प्रवाह घेते व तापते. तारेवरील वेष्टनाच्या बाबतीत असा ठोकताळा आहे की, ठरलेल्या मर्यादेपेक्षा उष्णता दर १० अंश सेल्सिअसने वाढली की वेष्टनाचे आयुष्य सुमारे निम्मे होते. म्हणजे रोज थोडी थोडी तापणारी मोटार एका दिवसात जळत नाही, पण तिचे दिवस भराभर संपत असतात.

बेअरिंग झिजल्यामुळे रोटर, म्हणजे फिरणारा भाग, बाहेरील स्थिर भागास घासला असेल, तर लोखंडावर चकाकणारा घासलेला पट्टा दिसतो. एकाच खाचेच्या तोंडाशी तार जळून बाकीची गुंडाळी चांगली असेल, तर त्या जागी वेष्टन दुखावले होते, असे मानण्यास जागा आहे. पाणबुडी पंपात पाणी आटल्यावरही मोटार चालू राहिली, तर तिला थंडावा देणारे पाणीच नाहीसे होते व ती तापून जळते.

कारागिराने मोटार उघडल्यावर शेतकऱ्यास ही गुंडाळी दाखवावी आणि कारण सांगावे. उदाहरणार्थ, पुढील संभाषण पाहा.

"आबा, हे बघा. हे दोन गट कोळसा झालेत, हा तिसरा चांगला आहे. तुमचा एक फेज गेला होता."

"मग मोटारीचा काही दोष नाही म्हणता?"

"मोटारीचा नाही. मी नवी तार भरून देईन, पण स्टार्टर तसाच ठेवलात तर महिन्याभरात परत माझ्याकडे याल. आधी स्टार्टरचे पॉइंट बघून घ्या आणि फेज गेला की पंप बंद करणारे प्रिव्हेंटर बसवा. ते माझ्याकडेच घेतले पाहिजे असे नाही."

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असला म्हणजे सल्ल्याविषयी शंका येते. ती शंका ह्या एका वाक्याने दूर होते.

कारण निश्चित कळले नाही, तर तसेही सांगावे. "नक्की सांगता येत नाही, पण दोन कारणे संभवतात, ती अशी," असे म्हणण्यात कारागिराच्या ज्ञानास कमीपणा येत नाही. न कळलेले कारण ठासून सांगण्याने मात्र शेतकरी भलत्याच गोष्टीवर पैसा खर्च करतो.

दुसरी गोष्ट : तार कोणती व किती?

मोटारीत तांब्याची तार असते अगर ॲल्युमिनिअमची. ॲल्युमिनिअमची विद्युत्‌वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. म्हणून तांब्याच्या तारेइतकाच प्रवाह वाहून नेण्यास ॲल्युमिनिअमच्या तारेचा छेद सुमारे १.६ पट, म्हणजे तिची जाडी सव्वापटीहून किंचित अधिक लागते. तांब्याच्या तारेसाठी बेतलेल्या खाचांमध्ये एवढी जाड तार मावणे कठीण असते. तेव्हा तांब्याची तार काढून त्याच जाडीची ॲल्युमिनिअमची तार भरली, तर मोटार चालते खरी, पण तीच पाणी-उपशाची मजल मारताना अधिक तापते व लवकर जळते.

ॲल्युमिनिअमची तार वापरणे ही स्वतः लबाडी नव्हे. मोटार मुळातच त्या तारेसाठी बनविलेली असेल, तर ती योग्यच आहे. लबाडी होते ती तांब्याचे नाव सांगून ॲल्युमिनिअम भरण्यात, अगर तार बदलली हे न सांगण्यात. खर्च वाचावा म्हणून शेतकऱ्यानेच स्वस्त तार मागितली, तर तिचे परिणाम सांगणे हे कारागिराचे कर्तव्य आहे. ते ऐकून घेतल्यावर निर्णय शेतकऱ्याचा.

ह्या बाबतीत वजनाचा ताळा फार उपयोगी पडतो. तांब्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ८.९६ ग्रॅम असते, ॲल्युमिनिअमची सुमारे २.७ ग्रॅम. समजा, मोटारीतून निघालेली जुनी तांब्याची तार ३ किलो भरली. तेवढ्याच जाडीची व लांबीची ॲल्युमिनिअमची तार एक किलोहूनही कमी, सुमारे ९०० ग्रॅम, भरेल. म्हणून जुनी तार शेतकऱ्यासमक्ष तोलावी, नवी तार भरण्यापूर्वी तोलावी, आणि दोन्ही वजने लिहून ठेवावी. वेष्टनाच्या जळण्यामुळे व तुकडे वाया गेल्यामुळे थोडा फरक पडतो, पण तिपटीचा फरक पडत नाही. कारागिराने तारेची जाडी व दर खाचेतील वेढे मोजून लिहून ठेवले, तर पुढील दुरुस्तीस त्याचा त्यालाच उपयोग होतो.

पाणबुडी मोटारींच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. ज्या मोटारीत पाणी भरलेले असते, तिची तार प्लॅस्टिकच्या वेष्टनाची असते व ती सतत पाण्यात राहते. कोरड्या जागी चालणाऱ्या मोटारीत एनॅमल चढविलेली तार असते व गुंडाळीस रोगण देऊन ती तापवून वाळवितात. आपल्या मोटारीस कोणती तार लागते, हे कारागिराकडून समजावून घ्यावे.

जुन्या तारेस मोडीची किंमत येते. ती तार शेतकऱ्याची. ती तो परत नेणार, की तिची किंमत बिलातून वजा होणार, की कारागीर ती मजुरीत धरणार, ह्यांपैकी कोणतीही पद्धत चालेल, मात्र ती कामापूर्वी ठरली पाहिजे. जुन्या तारेविषयी मौन पाळले, की शेतकऱ्याच्या मनात कायमची अढी बसते आणि चांगल्या कारागिराविषयीही वाईट बोलले जाते.

तिसरी गोष्ट : खर्च

मोटार उघडण्यापूर्वी कारागिरास नेमका खर्च सांगता येत नाही, हे खरे आहे. बाहेरून जळका वास आला तरी आत बेअरिंग गेले आहे काय, शाफ्ट झिजला आहे काय, हे उघडल्यावाचून कळत नाही. पण एवढ्यावरून खर्चाविषयी काहीच न बोलणे योग्य ठरत नाही. खर्च दोन टप्प्यांत सांगावा. मोटार उघडून तपासण्याची मजुरी किती, व दुरुस्ती न केल्यास तेवढीच द्यावी लागेल काय, हे पहिल्या टप्प्यात सांगावे. उघडल्यानंतर तार, बेअरिंग, सील, रोगण, मजुरी असा वेगवेगळा अंदाज दुसऱ्या टप्प्यात द्यावा. काम चालू असताना आणखी काही दोष सापडला, तर काम थांबवून शेतकऱ्यास कळवावे व त्याची संमती घेऊन पुढे जावे. आज प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी असल्यामुळे ह्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. आधी काम व मागून बिल ह्या क्रमाने गेले, की भांडणाचे बीज पेरले गेलेच.

जुनी मोटार दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या उरलेल्या आयुष्याच्या मानाने फार होत असेल, तर "ह्यात पैसा घालू नका," असे सांगावयास कारागिराने कचरू नये. लोखंडी पत्र्यांचे थर जळून अगर घासून खराब झाले असतील, तर नवी तार भरूनही मोटार पूर्वीसारखी चालत नाही व वीज अधिक खाते. ह्या सल्ल्याने कारागिराचे आजचे काम जाते, पण गिऱ्हाईक राहते.

विंधन विहिरीतील पंपाच्या खर्चात एक छुपी बाब असते. पंप दोनशे-तीनशे फुटांवरून वर काढण्यास व पुन्हा खाली सोडण्यास माणसे, साखळी-कप्पी अगर यंत्र लागते. दुरुस्तीत चूक झाली, तर हा खर्च पुन्हा करावा लागतो. तो कोणी सोसावयाचा, हे आधी ठरलेले नसते व नेमके तेथेच वाद होतात. म्हणून "दुरुस्ती पुन्हा फुकट करून देईन, पण पंप काढण्या-सोडण्याचा खर्च तुमचा," अगर "माझी चूक निघाली तर तोही खर्च माझा," ह्यांपैकी जे काही असेल ते स्पष्ट बोलावे.

चौथी गोष्ट : दिवस

चारही गोष्टींत शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट दिवसाची आहे, आणि हीच सर्वांत सैलपणे सांगितली जाते. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून "उद्या देतो" म्हणण्याची सवय पुष्कळ कारागिरांस असते. त्यात वाईट हेतू असतोच असे नाही. हंगामात दुकानात दहा मोटारी पडलेल्या असतात व प्रत्येक जण घाईत असतो. परंतु ह्या एका खोट्या शब्दाची किंमत सबंध दुरुस्तीच्या बिलापेक्षा अधिक होऊ शकते.

"सहा दिवस लागतील," असे कारागिराने पहिल्याच दिवशी सांगितले, तर शेतकरी स्वस्थ बसत नाही. तो शेजाऱ्याकडून एक पाळी पाणी मागून घेतो, भाड्याने पंप आणतो, असलेले पाणी आऱ्या सुटलेल्या भुईमुगास आधी देऊन वैरणीचे पीक थांबवितो, अगर मोटार दुसऱ्या दुकानात नेतो. "उद्या देतो" असे रोज ऐकणारा शेतकरी ह्यांपैकी काहीच करीत नाही, कारण उद्या मोटार मिळणार आहे अशी त्याची समजूत असते. सहा दिवस दोन्हीकडे तेच असतात. एकीकडे पीक वाचते, दुसरीकडे ते उन्हात होरपळते.

घाईत केलेले कामही पुढे अंगाशी येते. एनॅमल तारेच्या गुंडाळीस रोगण दिल्यावर ती पुरेशी वाळवावी लागते. ओली गुंडाळी चालू केली तर ती लवकर दगा देते. म्हणून शेतकऱ्याने "आजच द्या" असा हट्ट धरला, तरी वाळविण्यास लागणारा वेळ कारागिराने स्पष्ट सांगावा व तो कमी करू नये.

मोटार परत घेताना

दुरुस्त मोटार ताब्यात घेताना तिची तपासणी शेतकऱ्यासमोर व्हावी. मेगर नावाच्या उपकरणाने गुंडाळीचा जमिनीशी असलेला विद्युत्‌रोध मोजतात. तो १ मेगओमपेक्षा कमी असलेली मोटार चालविण्यास योग्य समजत नाहीत. नव्या, कोरड्या गुंडाळीचा रोध ह्याहून पुष्कळ अधिक असावयास पाहिजे. त्यानंतर मोटार चालवून तिन्ही फेजांतील प्रवाह मोजावा. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. ५ अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर साधारणपणे ७ ते ८ ॲम्पिअर प्रवाह घेते. मोटारीच्या पाटीवर दिलेल्या आकड्याशी मोजलेला आकडा ताडून पाहावा. हे आकडे चिठ्ठीवर लिहून द्यावे. पुढे पंप कमी पाणी देऊ लागला, तर ह्याच आकड्यांवरून दोष शोधता येतो.

हमी देताना तिची मर्यादाही सांगावी. वेढे नीट बसले नाहीत, वेष्टन दुखावले, जोडणी चुकली, हे कारागिराचे दोष होत. फेज जाणे, वीज कोसळणे, विहीर आटल्यावरही पंप चालू राहणे, हे त्याचे दोष नव्हत. ही वाटणी काम देतानाच सांगितली, तर शेतकरी ती मान्य करतो. मोटार पुन्हा जळाल्यावर सांगितली, तर ती सबब वाटते.

आणि कारागिराकडून चूक झालीच, तर त्याने ती स्वतः होऊन सांगावी. "जोडणी माझ्याकडून चुकली, उद्या दुपारपर्यंत करून देतो, मजुरी घेणार नाही," असे म्हणणाऱ्याकडे शेतकरी पुढल्या वेळीही जातो. ज्याच्या तोंडून आजवर एकही चूक कबूल झाली नाही, त्याच्या कामावर लोकांचा विश्वास बसत नाही.

शेतकऱ्याचीही बाजू

मोकळेपणा एकाच बाजूने चालत नाही. मोटार दाब कमी असताना तासन्‌तास चालविली होती, फ्यूजच्या जागी जाड तार घातली होती, ओव्हरलोड रिले बांधून ठेवला होता, पाणी आटल्यावरही पंप चालू राहिला होता, ह्या गोष्टी शेतकरी बहुधा लपवितो. दोष आपल्या माथी येईल व हमी मिळणार नाही, अशी त्यास भीती वाटते. परंतु रोग्याने पथ्य मोडल्याचे वैद्यापासून लपविले, तर औषध चुकते. खरी हकीकत सांगितली, तर कारागीर कारण अचूक ओळखतो व दुसऱ्यांदा मोटार जळत नाही.

तसेच ठरलेली रक्कम ठरल्या वेळी द्यावी. सुगीनंतर देण्याचे ठरले असेल, तर तेही आधीच बोलावे. तार कारागिरास बहुधा रोखीने आणावी लागते. उधारी थकली म्हणजे तो हलकी तार वापरण्याच्या मोहात पडतो, ह्यास काही अंशी आपणही कारण होतो.

सर्वांत कमी किंमत सांगणाऱ्याकडेच काम नेण्याची सवयही तपासून पाहावी. एक कारागीर तारेचे वजन, जाडी व दिवस सांगून किंमत सांगतो. दुसरा नुसताच कमी आकडा सांगतो. ह्या दोन किमतींची तुलनाच होऊ शकत नाही, कारण दुसरा काय देणार आहे हे ठाऊकच नाही. "त्याच जाडीची तांब्याची तार तेवढ्याच वजनाची घालून हा दर आहे काय?" एवढा एक प्रश्न दुसऱ्यास विचारावा. पुष्कळदा फरक तेथेच उलगडतो. प्रामाणिक कारागिराचे गिऱ्हाईक तुटते ते त्याच्या स्पष्टपणामुळे नव्हे. गिऱ्हाइकाने हा प्रश्न न विचारल्यामुळे ते तुटते.

कामाची चिठ्ठी

वर सांगितलेले सर्व एका लहानशा चिठ्ठीवर मावते. तिच्या दोन प्रती कराव्या, एक कारागिरापाशी व एक शेतकऱ्यापाशी. तीत पुढील नोंदी असाव्या.

१. मोटार आणल्याची तारीख, मोटारीचा प्रकार, अश्वशक्ती व पाटीवरील क्रमांक.
२. मोटार जळण्याचे दिसून आलेले अगर संभवनीय कारण.
३. जुन्या तारेची धातू, जाडी व वजन, आणि जुनी तार कोणी ठेवली.
४. नव्या तारेची धातू, जाडी व वजन.
५. बदललेले भाग व प्रत्येकाची किंमत, मजुरी वेगळी.
६. मोटार देण्याचा ठरलेला दिवस.
७. मेगरवरील रोध व तिन्ही फेजांतील प्रवाह.
८. हमीची मुदत, तीत काय येते व काय येत नाही.

ही चिठ्ठी पक्क्या बिलासोबत जपून ठेवावी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. मोबदला घेऊन केलेली दुरुस्ती ही त्याच्या दृष्टीने सेवा आहे व तीत उणीव राहिल्यास दाद मागता येते. बिल न देणे हीही ह्या कायद्याने अनुचित प्रथा ठरविली आहे. शेतकरीही ग्राहक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्यांच्या प्रकरणात आधीच्या कायद्याखाली स्पष्ट केले होते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावी लागते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क पडत नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. तथापि आयोगाचा निकाल लागेपर्यंत भुईमूग थांबत नाही. म्हणून कायदा हा शेवटचा उपाय समजावा, व चिठ्ठी हा पहिला.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

रब्बीचा हंगाम संपून उन्हाळी पाण्याची निकड सुरू होण्यापूर्वी, गावातील शेतकरी व जवळपासचे दुरुस्ती-कारागीर ह्यांची एक बैठक घ्यावी. जळालेली एखादी गुंडाळी मागवून तिच्यावरील खुणा कारागिराकडूनच सर्वांस समजावून द्याव्या. तांब्याची व ॲल्युमिनिअमची सारख्या जाडीची, सारख्या लांबीची तार तराजूत घालून दाखवावी. एवढ्या एका प्रयोगाने जे समजते, ते तासभराच्या भाषणाने समजत नाही. वरील चिठ्ठीचा नमुना छापून दुकानांत ठेवण्याची विनंती करावी.

ह्याच बैठकीत मोटार जळू नये म्हणून घ्यावयाची काळजीही सांगावी. योग्य क्षमतेचे कॅपॅसिटर बसवावे. ऑटो स्विच काढून टाकावे, कारण वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाले म्हणजे दाब उतरतो व रोहित्रावरही ताण पडतो. ओव्हरलोड रिले मोटारीच्या प्रवाहाप्रमाणे लावावा. फेज गेल्यास व पाणी आटल्यास पंप बंद करणारी उपकरणे बसवावी. स्टार्टर अगर पेटी उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करण्यास विसरू नये.

कारागिराच्या हातातील कौशल्य वर्षानुवर्षांच्या मेहनतीने येते. शेतकऱ्यास ते पारखता येत नाही, आणि त्याने ते पारखावे अशी अपेक्षाही नाही. पण कारण, तार, खर्च व दिवस ह्या चार गोष्टी कोणासही समजतात. त्या चार गोष्टी काम हाती घेण्यापूर्वी सांगितल्या गेल्या, तर मोटार एखादा दिवस उशिरा आली तरी शेतकरी त्या दिवसासाठी पाण्याची सोय करून ठेवील, आणि भुईमुगाच्या आऱ्या ओल्या मातीतच शिरतील.